पंप-पाणी विचारपूस : दोरी सोडायच्या आधी मेगर मारा

मे महिना लागला की या सदराला येणारी अर्ध्याहून जास्त पत्रं पंपाचीच असतात. सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही, त्यामुळे निवडक घेतलीत, आणि नाव नको असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून फक्त गाव टाकतोय, सगळी गोव्यातलीच.

डिचोलीहून एक वाचक : काका, घरची बांय (विहीर) आहे, चिऱ्यांनी बांधलेली, ४० फूट खोल, आत्ता तळाला ७-८ फूट पाणी. जुना जेट पंप काढून १ एचपीचा ओपनवेल सबमर्सिबल (विहिरीच्या पाण्यात बुडून चालणारा पंप) घेतलाय, सिंगल फेज, उभा. फिटर रविवारी येतोय, तासाभराचं काम आहे म्हणाला. दुकानदार म्हणाला टेस्टिंग करून घ्या, पण टेस्टिंग म्हणजे नेमकं काय ते त्याने काही सांगितलं नाही. मला यातलं कळत नाही, मी बाजूला उभा राहून बघू काय?

भाऊ, पंप तासाभरात विहिरीत जातो हे खरं आहे, फिटर खोटं नाही बोलला. पण तोच पंप परत वर काढायला अर्धा दिवस आणि चार माणसं लागतात, म्हणून जी काय तपासणी करायची ती पंप अंगणात असतानाच. फिटर आला की चहा द्या आणि विचारा, मेगर आणलाय का. नाही म्हणाला तर चहा पिऊन जा आणि कोणाकडून तरी घेऊन ये म्हणायचं, त्यात लाजायचं काही नाही, मोटारीचं इन्सुलेशन धड आहे की नाही हे सांगणारं दुसरं यंत्र त्याच्या पिशवीत नसतं.

पहिलं काम पंपावरच्या प्लेटचा फोटो. एचपी, व्होल्ट, अँपिअर, हेड (पाणी किती उंच चढवतो ते), सगळं त्यावर असतं, आणि पंप एकदा पाण्यात गेला की ती प्लेट परत कोणाला दिसत नाही. पॅनेलच्या, म्हणजे पंप चालू-बंद करायच्या पेटीच्या, आत बहुधा दोन कंडेन्सर असतात, एक स्टार्टचा एक रनचा, त्यांच्यावर मायक्रोफॅरडचा आकडा असतो, त्याचाही फोटो काढा.

मग वायर. पंपातून चपटी केबल बाहेर येते, तिच्यात तीन कोअर असतात, आणि इथे फार लोकांची गफलत होते, तीन वायर म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थ असं वाटतं. तसं नाही. सिंगल फेज सबमर्सिबलला त्या तीन म्हणजे स्टार्ट (मोटार उठवणारी), रन (चालवणारी) आणि कॉमन (दोघींची सामाईक), अर्थ त्यात नाहीच, अर्थची वायर पंपाच्या बॉडीवरच्या बोल्टला वेगळी लावून वर आणायची असते आणि बरेच फिटर ती लावतच नाहीत. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असू शकतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजायचा, तीन आकडे येतात. सगळ्यात मोठा आकडा ज्या दोन वायरींमधे येतो ती जोडी स्टार्ट-रनची, म्हणजे उरलेली तिसरी कॉमन. कॉमनपासून कमी ओहम दाखवते ती रन, जास्त दाखवते ती स्टार्ट. आणि मोठा आकडा हा बाकी दोघांच्या बेरजेएवढा यायला हवा, उदाहरणार्थ ३ आणि ५ आले तर तिसरा ८ च्या आसपास. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून बघा, काही मीटर तिथेच अर्धा ओहम दाखवतात, तो वजा करायचा.

आता मेगर. हा ५०० व्होल्ट डीसी सोडतो आणि वाइंडिंगमधून (मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीतून) बॉडीकडे जाणारी गळती इन्सुलेशन किती अडवतंय ते मेगओहममधे सांगतो, आकडा जितका मोठा तितकं चांगलं. केबल पॅनेलला जोडलेली नको, मोकळी हवी. मेगरचं एक टोक तिन्ही वायरींना एकत्र, दुसरं पंपाच्या बॉडीवर जिथे रंग नाही तिथे, आणि मिनिटभर थांबायचं, काटा हळूहळू वर चढतो आणि मग स्थिर होतो. नवीन मोटार कोरडी असताना शेकड्यात दाखवायला हवी, २०० मेगओहमच्या वर. मापताना टोकांना हात लावायचा नाही आणि झाल्यावर वायर बॉडीला टेकवून चार्ज काढून टाकायचा, झटका जीवघेणा नसतो पण शिवी नक्की येते तोंडातून.

वॉटर फिल्ड मोटार असेल, म्हणजे पाणी भरायची असेल, तर आता पाणी भरा. हे काम बाजूला उभं राहून बघाच. वरचे दोन्ही प्लग काढायचे, एका बाजूने स्वच्छ पाणी ओतत राहायचं, दुसरीकडून बुडबुडे येत राहतात, मधेच थांबले की भरलं असं वाटतं पण मोटार थोडी तिरकी करून तळहाताने थापटली की परत चारपाच बुडबुडे वर येतात. दहा मिनिटं तशीच ठेवायची, परत वरून भरायचं, मग प्लग घट्ट. आतली बेअरिंगं पाण्यावरच चालतात, तेल ग्रीस काही नसतं. मी शिकाऊ असताना फोंड्यात एका घरी नवा पंप कोरडा असतानाच "फिरतो का बघूया" म्हणून दोन सेकंद चालू केला होता, दोनच सेकंद, बुश खरवडलं गेलं आणि महिन्याभरात पंप गुरगुरायला लागला, त्या पंपाचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले आणि तेव्हापासून मी कोणालाही कोरडा पंप फिरवू देत नाही.

जॉइंट. पंपाची केबल दोन-तीन मीटरच असते, पुढे तुमची केबल जोडावी लागते. तिन्ही कोअरचे जोड एकाच रेषेत आले तर समजा फिटर घाईत आहे. एक वर, एक मधे, एक खाली असे मागेपुढे हवेत. तांबं चाकूने खरवडून चकचकीत करायचं, पीळ घट्ट, किंवा जोडावर धातूची नळी चढवून दाबायची, मग प्रत्येक कोअरवर वेगळा रबर टेप, तो ताणून रुंदी अर्धी होईपर्यंत आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन इंच पुढे, आणि या सगळ्यावर पीव्हीसी टेप. नुसता काळा घरगुती टेप गुंडाळून दिला तर तो जॉइंट एका पावसाळ्याचा पाहुणा. आणि मग खरी गंमत, तो जॉइंट बादलीभर पाण्यात बुडवून अर्धा तास ठेवायचा, पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर आणखी बरं, आणि मेगरचं दुसरं टोक बादलीतल्या एखाद्या उघड्या तांब्याच्या तुकड्याला लावून परत मोजायचं. आकडा धाडकन पडला तर जॉइंट परत करायचा. विहिरीत गेल्यावर कळण्यापेक्षा बादलीत कळलेलं बरं.

सोडताना पंपाचं वजन नायलॉनच्या दोरीवर, केबलवर कधीच नाही. केबल पाइपला दर दोन-तीन मीटरवर बांधायची पण थोडी सैल, पाइप भरला की ताणतो. तळापासून तीन फूट वर ठेवा, चिऱ्याच्या विहिरीत तळाला तो तांबडा बारीक गाळ असतोच, पण पाणी ७-८ फूटच आहे म्हणता, तर पंपाच्या डोक्यावरही किमान दोन-तीन फूट पाणी राहतंय ना ते मोजा, नसेल तर ड्राय रन (पाण्याविना कोरडं फिरणं) बंद करणारा गार्ड आत्ताच लावून घ्या.

पंप जागेवर बसला की जोडणी करायच्या आधी परत एकदा मेगर. आता आकडा कमी येईल, केबल आली, पाणी आलं, घाबरू नका. नवीन मोटार विहिरीत असताना २ मेगओहमच्या वर असली की ठीक. मग पॅनेल जोडा, गेट व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवून चालू करा, आणि एका वायरवर टाँग टेस्टर (वायरीला चिमट्यासारखा पकडून करंट मोजणारा मीटर) लावा. सुरू होताना क्षणभर चार-पाच पट करंट दिसतो, तो सोडून द्या, नंतरचा बघा. १ एचपीला साधारण ७-८ अँपिअर, पण खरा आकडा तुमच्या प्लेटवरचा. त्याच वेळी व्होल्टेजही बघा.

आणि आता माझा हट्ट. पॅनेलच्या झाकणाला आतून कागद चिकटवा आणि त्यावर लिहा, तारीख, तिन्ही ओहम, मेगर किती आला, व्होल्ट किती असताना अँपिअर किती. दोन मिनिटांचं काम. पुढे कधीही पंप रुसला तर येणारा माणूस आधी तो कागद बघेल. आणि जो कागद न बघताच "वाइंडिंग गेलं, पंप काढावा लागेल" म्हणेल त्याला काढू देऊ नका.

सत्तरीहून एक गृहिणी : गेल्या मे महिन्यात पंप बसवला, महिनाभर काही तक्रार नव्हती. जुलैत ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर) पडायला लागला, सप्टेंबरपर्यंत रोज, दिवाळीनंतर आपोआप बंद झालं. आता परत जून येतोय. इलेक्ट्रिशियन म्हणतो ईएलसीबी खराब आहे, पावसात दमट हवेने पडतो, बायपास करून देतो. करू का?

नाही वहिनी, अजिबात नाही. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. मे महिन्यात पंप बसवला तेव्हा पाणी खाली होतं, फिटरने केबलचा जोड कुठेतरी मधे, पाण्याच्या बराच वर बांधला असणार, कोरडा होता म्हणून टेपकडे फार लक्ष दिलं नसेल. आपल्याकडे जुलैत विहीर कुठवर भरते ते तुम्हाला मी काय सांगू, कठड्यावरून वाकून तांब्याने पाणी काढता येतं काही ठिकाणी. तो जोड चार महिने पाण्याखाली जातो, गळतो, ईएलसीबी त्याचं काम करतो आणि पडतो, दिवाळीनंतर पाणी उतरलं की जोड वाळतो आणि सगळं शहाण्यासारखं चालायला लागतं. ईएलसीबी खराब असता तर त्याने महिने बघून पडायचं ठरवलं नसतं.

आता मे आहे, पाणी खाली आहे, हीच वेळ. विहिरीत डोकावून केबल बघा, टेपचा फुगवटा कुठे दिसतो ते. मेन बंद करून केबल तेवढी वर ओढून घ्या, जोड कापून नवीन करा वर सांगितलाय तसा, किंवा त्याहून बरं म्हणजे अखंड केबल आणून कठड्याच्या वर येईपर्यंत जोडच नको. पंपाजवळचा एक जोड असतोच, तो चांगला करून घ्यायचा. झाल्यावर मेगर मारून आकडा लिहून ठेवा आणि जुलैत विहीर भरली की परत एकदा मोजून घ्या. दोन्ही आकडे सारखे आले तर प्रश्न मिटला.

बायपास करून देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की त्या चार महिन्यांत विहिरीवर कपडे कोण धुतं.

वाळपईहून आयटीआयचा एक विद्यार्थी : सर, मल्टिमीटरवर मेगओहमची रेंज आहेच, मग मेगर वेगळा कशाला?

मल्टिमीटर आत असलेल्या ९ व्होल्टच्या किंवा त्याहून लहान सेलवर मोजतो. ओला टेप ९ व्होल्टला अडवतो आणि २३० ला सोडून देतो, त्यामुळे मीटर म्हणतो चांगलं आहे आणि ब्रेकर म्हणतो नाही. मेगर ५०० ने ढकलून बघतो. मल्टिमीटरवर खराब आलं तर नक्की खराब समज, चांगलं आलं तर काहीच समजू नकोस.

सांग्याहून एक बागायतदार : कुळागरातल्या (पोफळी-माडांच्या बागेतल्या) विहिरीत बोअरवेलचा ४ इंची पंप टाकलाय, मित्राकडे पडून होता म्हणून. दोन वर्षांत दोनदा वाइंडिंग जळलं, दोन्ही वेळा एप्रिलमधे. पाणी भरपूर असतं, पंप बुडालेला असतो. रिवाइंडिंगवाला म्हणतो व्होल्टेजचा प्रॉब्लेम. ओहम-मेगर सगळं बरोबर आलं होतं.

व्होल्टेजचाही असेल पण मला वाटतं तुमची मोटार तापून मेली. बोअरवेलच्या पंपात मोटार खाली असते आणि पाणी आत घेणारी जाळी तिच्या वर. बोअरमधे भोक अरुंद, त्यामुळे जाळीकडे जाणारं पाणी मोटारीला घासूनच वर जातं आणि तिला थंड ठेवतं, त्या पंपाचं सगळं डिझाइनच त्यावर आहे. तोच पंप तुम्ही आठ-दहा फूट रुंद विहिरीत लटकवला की पाणी चारी बाजूंनी सरळ जाळीत घुसतं, खालच्या मोटारीभोवतीचं पाणी हलतच नाही. पंप पाण्यात बुडालेला आहे म्हणजे थंड आहे असं नाही, साचलेल्या पाण्यात बसलाय तो. त्यात एप्रिलमधे तुम्ही पोफळींना सहा सहा तास पाणी सोडणार, खाली गाळात मोटार अर्धी रुतलेली असेल तर विचारूच नका.

उपाय स्वस्त आहे. ६ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, मोटारीच्या खालपर्यंत पोचेल आणि जाळीच्या वर थोडा येईल एवढा, वरच्या बाजूने पंपाभोवती बंद करा, खालून उघडा ठेवा. आता पाण्याला आत यायला खालूनच वाट, म्हणजे मोटारीवरूनच जावं लागेल. स्लीव्ह म्हणतात त्याला, काही जण जॅकेट म्हणतात. पंप तळापासून मीटरभर वर. फार मोठा पाइप घालू नका, फट जास्त झाली की पाण्याचा वेग पडतो आणि सगळं मुसळ केरात.

आणि ते दोन्ही वेळचे आकडे मला पाठवा म्हणलं तर तुम्ही म्हणता ओहम-मेगर "बरोबर" आलं होतं. बरोबर म्हणजे किती? अँपिअर किती होता? तोच कोणी लिहिलेला नाही.

आणखी एक, बोअरचे पंप जास्त हेडचे असतात. पावसाळ्यात तुमची विहीर २५-३० फूट वर येते, तेवढं हेड कमी होतं, पंप जास्त पाणी फेकतो आणि जास्त करंट घेतो. जुलैत एकदा टाँग टेस्टर लावून बघा, प्लेटपेक्षा वर गेला असेल तर गेट व्हॉल्व्ह थोडा आवळा, करंट खाली येताना दिसेल. मुद्दाम व्हॉल्व्ह आवळून पंप चालवायचा हे लोकांना उलटं वाटतं, पण करून बघा.

पेडण्याहून एक वाचक : विहीर घरापासून ६० मीटर. १.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकलीय. सकाळी पंप चालतो, संध्याकाळी नुसता हूं हूं करतो आणि ट्रिप होतो. घरात तेव्हा २०५ व्होल्ट दाखवतात. स्टॅबिलायझर घेऊ का?

आधी स्टार्टचा कंडेन्सर तपासा, हूं हूं करून न फिरणं हे त्याचंच लक्षण आणि तो बदलायला फार पैसे लागत नाहीत. हात लावायच्या आधी मेन बंद करून त्याची टोकं बल्बने डिस्चार्ज करा. पण सकाळी चालतो म्हणता तर मला वायरवर जास्त संशय आहे, हिशोब करूया. १.५ च्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम, जाऊन येऊन १२० मीटर, म्हणजे जवळपास दीड ओहम. पंप चालू असताना ८ अँपिअरला १२ व्होल्ट खाल्ले, ते चालून जातं. पण सुरू होताना पंप ४० अँपिअर मागतो, तेव्हा वायरच ६० च्या घरात खाते, २०५ मधले उरले १४५, एवढ्यात मोटार काय उठणार. हिशोब अगदी काटेकोर नाही, व्होल्टेज पडलं की करंटही थोडा पडतो, पण अंदाज येतो. हेच ४ स्क्वेअर एमएमला केलं तर दीड ओहमच्या जागी साधारण ०.५५ आणि ६० च्या जागी २२ व्होल्ट. म्हणजे स्टॅबिलायझरचे पैसे वायरीत घाला. आणि विहिरीत जाणारी केबल किती जाडीची आहे तेही बघा, तीही त्याच हिशोबात येते.

२०० च्या खाली गेल्यावर मी स्वतः पंप चालवत नाही, टाकी सकाळी भरून घेतो.

फोंड्याहून एक निवृत्त शिक्षक : आमच्याकडे खाली सगळा जांभा, अर्थिंगची सळई दोन फुटांवर अडकते. फिटर म्हणतो तेवढी पुरे. अर्थिंग बरोबर नसेल तर आरसीसीबी (गळती पकडणारा ब्रेकर) लावून उपयोग आहे का?

सर, दोन फुटांची पुरे नाही, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उलट आहे, अर्थिंग कमकुवत असेल तेव्हाच आरसीसीबी जास्त लागतो. समजा तुमच्या अर्थचा रेझिस्टन्स ५० ओहम आहे, जांभ्यात मे महिन्यात सहज असतो. पंपाच्या बॉडीवर फेज आला तर त्या अर्थमधून २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर जातील. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा ब्रेकर) या ४.६ ला ओळखतही नाही, तो झोपलेला, आणि पंप, लोखंडी पाइप, नळ सगळं जिवंत. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी मात्र याच्या दीडशे पट कमी गळतीला पडतो. ईएलसीबी म्हणून दुकानात मागितलं तर हल्ली हाच देतात. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, दाबून पडला नाही तर बदला.

अर्थिंगसाठी सळई ठोकण्यापेक्षा खड्डा खणा, चिरे काढणाऱ्याला बोलवा, तो अर्ध्या दिवसात खणून देईल. प्लेट किंवा पाइप, भोवती कोळसा मीठ थर थर, आणि वरून पाणी घालायला नरसाळं. जागा निवडताना न्हाणीचं सांडपाणी जिथे जिरतं त्याच्या बाजूला घ्या, बारा महिने ओल राहते. आणि कोणाकडे अर्थ टेस्टर असेल तर मोजून घ्या, तोही आकडा पॅनेलच्या कागदावर.

बार्देशहून एक वाचक : नवीन बोअर मारायला परवानगी लागते का? की आपल्या जमिनीत आपण मारू शकतो?

लागते. गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आहे, नवीन विहीर किंवा बोअर खणायच्या आधी जलस्रोत खात्याकडे अर्ज करावा लागतो. रिगवाला "मी बघतो" म्हणाला तरी कागद स्वतः बघा. किनाऱ्याजवळ असाल तर आणखी एक, फार खोल जाऊन फार उपसलं की खारं पाणी आत येतं आणि ते पंपालाही खातं आणि माडालाही.

धारबांदोड्याहून : थ्री फेज ५ एचपी. लाइनचं काम झाल्यापासून पंप चालतो, आवाज नॉर्मल, पण पाणी अर्धंसुद्धा येत नाही. पंप काढायला सांगतायत.

काढू नका. उलटा फिरतोय. लाइनच्या कामात दोन फेज इकडचे तिकडे झाले की थ्री फेज मोटार उलटी फिरते, पाणी थोडं येतंच म्हणून कोणाला संशय येत नाही. मेन बंद करून पॅनेलमधून मोटारीकडे जाणाऱ्या तीनपैकी कुठल्याही दोन वायर अदलाबदल करा आणि बघा. ज्या दिशेला पाणी जास्त ती दिशा बरोबर. तुमच्या कागदावर जुना अँपिअर असेल तर तोही जुळेल, उलटं फिरताना बहुतेक कमी दाखवतो. आणि एक फेज गेला किंवा क्रम बदलला की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर लावून घ्या, एका रिवाइंडिंगपेक्षा स्वस्त.

फोंड्याहूनच, एक ताई : पावसाळ्यात चार महिने पंप लागत नाही, नळाचं पाणी पुरतं. बंद ठेवला तर चालेल ना?

पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटं चालवा. आपल्या पाण्यात लोह असतं, तो तांबडा थर इंपेलरवर (पंपातल्या पाणी फेकणाऱ्या चाकावर) बसतो आणि बंद पंप जाम, नेमका चवथीच्या आधी घर धुवायला काढलं की. जाम झालाच तर परत परत स्विच दाबत बसू नका, प्रत्येक दाबण्याला तो वर सांगितलेला ४० अँपिअर वाइंडिंगमधून जातो.

डिचोलीहून, दुसरे वाचक : दर वर्षी मे अखेरीस बांय उपसून गाळ काढतो. माणूस आत असताना पंप चालू ठेवला तर काम सोपं होतं, झरे भरत राहतात ना. चालतं का?

नाही चालत. माणूस पाण्यात पाय ठेवून उभा आणि त्याच पाण्यात २३० व्होल्टची मोटार, जोडावरचा टेप गेल्या पावसाळ्यातला. पंपाने पाणी उपसा, पंप बंद करा, मग माणूस उतरवा, परत भरलं की त्याला वर घ्या आणि परत उपसा, वेळ लागेल, लागू दे. पेट्रोल-डिझेलचं इंजिन विहिरीत उतरवून तर कधीच नाही, त्याच्या धुरातला विषारी वायू खाली साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी आडवा होतो, वरून दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी आणि वर दोन माणसं.

आणि नुसता स्विच बंद करून भागत नाही, घरात कोणाला तरी टाकी रिकामी दिसते आणि तो चालू करतो. जुना कटआउट (फ्यूजचा निघणारा तुकडा) असेल तर काढून घ्या, एमसीबी असेल तर पॅनेलमधून मोटारीच्या वायर सोडवा आणि पॅनेलला कुलूप घाला. कटआउट किंवा किल्ली जे काय असेल ते विहिरीत उतरणाऱ्याच्या खिशात, वर उभ्या असलेल्याच्या नको.